‘अगापे’ म्हणजे दैवी, ‘फिलिया’ म्हणजे नुसती मैत्री?

‘अगापे’ आणि ‘फिलिया’ हे प्रेमासाठीचे दोन ग्रीक शब्द; ‘अगापाओ’ आणि ‘फिलेओ’ ही त्यांची क्रियापदं. बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानात 21:15-17 वर ठरलेला उपदेश असा: येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, दोनदा ‘अगापास मे’ (माझ्यावर प्रीती करतोस का) विचारतो, पेत्र ‘फिलो से’ (तुझ्यावर प्रेम करतो) म्हणतो, मग तिसऱ्यांदा येशूच एक पायरी उतरून ‘फिलेइस मे’ विचारतो. क्रियापदं बदलतात हे खरं. पण म्हणून पहिलं प्रेम दैवी आणि दुसरं नुसती मैत्री, हा निष्कर्ष मात्र टिकत नाही.

पिता पुत्रावर प्रीती करतो, हे याच शुभवर्तमानात 3:35 ला ‘अगापाओ’ने सांगितलंय आणि 5:20 ला ‘फिलेओ’ने. दोन अध्यायांत पित्याची प्रीती पातळ झाली काय? उलट 2 तीमथ्य 4:10 मध्ये पौलाला सोडून गेलेल्या देमासला जगाची ओढ लागते, तिथे ‘अगापाओ’. 2 शमुवेल 13 च्या प्राचीन ग्रीक भाषांतरात अम्नोनाच्या सावत्र बहीण तामारेवरच्या वासनेलाही तेच क्रियापद!

मुळात योहानाला शब्द पालटायची सवयच. याच तीन वचनांत कोकरं-मेंढरं, चारणं-पाळणं, शिवाय ‘ठाऊक असणं’ यालाही दोन क्रियापदं. त्यांवर कुणी उपदेश करत नाही. पेत्र खिन्न झाला तो ‘तिसऱ्यांदा’ विचारल्यामुळे. त्यानं येशूला ओळखत नाही असं नाकारलंही तीनदाच होतं.

पडताळायचं तर बायबलातल्या मूळ शब्दांना क्रमांक देणाऱ्या स्ट्राँगच्या शब्दसूचीत क्रमांक 25 (अगापाओ) आणि 5368 (फिलेओ) काढा. कोशातल्या एका ओळीच्या अर्थावर थांबू नका; दोन्ही शब्द जिथे जिथे आलेत ती सगळी वचनं वाचा.