एक्स्टसी: ताप, पाणी आणि चुकीची बाटली

एक्स्टसी ही नशेची गोळी मुळात भूक मारण्याचं औषध होतं, असं अजूनही बिनदिक्कत छापलं जातं. तसं नव्हतं. जर्मनीतल्या मर्क कंपनीला रक्तस्राव थांबवणारं औषध हवं होतं. त्या खटपटीत मधल्या टप्प्यावर एमडीएमए, म्हणजेच एक्स्टसीतलं रसायन, तयार झालं आणि १९१२ मध्ये त्या कृतीच्या पेटंटसाठी अर्ज झाला. माणसांवर त्याचा काय परिणाम होतो, हे अलेक्झांडर शुल्गिन आणि डेव्हिड निकोल्स या रसायनशास्त्रज्ञांनी शास्त्रीय लेखात मांडलं ते थेट १९७८ मध्ये. काही मानसोपचारतज्ज्ञ ते वापरत होतेच. पाठोपाठ अमेरिकेतल्या डॅलस शहराच्या क्लबांत ते उघड विकलं जाऊ लागलं. १ जुलै १९८५ पासून अमेरिकेत बंदी आली.

धोका ठळकपणे दिसला तो ब्रिटनमध्ये, १९८८ नंतरच्या रेव्ह, म्हणजे रात्रभर नाचाच्या, पार्ट्यांत. ही गोळी मेंदूतला सेरोटोनिन या मनःस्थितीशी निगडित रसायनाचा साठा एकदम मोकळा करते. माणूस खुशीत येतो, थकवा जाणवत नाही, आणि शरीराचं तापमान आवाक्यात ठेवणारी यंत्रणा बिघडते. त्यात कोंदट हॉल आणि तासन्‌तास नाच. ४१-४२ अंश ताप चढलेले तरुण रुग्णालयांत येऊ लागले. स्नायूंच्या पेशी फुटलेल्या, मूत्रपिंडं निकामी, रक्त गोठण्याची क्रिया विस्कटलेली. आणि याच काळात काही क्लबवाले पाण्याच्या बाटल्या खपाव्यात म्हणून स्वच्छतागृहातले नळ बंद ठेवत होते! मग सल्ला पसरला तो भरपूर पाणी पिण्याचा.

नोव्हेंबर १९९५ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात १८ वर्षांच्या एका मुलीने घरच्याच पार्टीत गोळी घेतली आणि थोड्या वेळात कित्येक लिटर पाणी प्यायली. ती वाचली नाही. एमडीएमएमुळे लघवी रोखून धरणारं संप्रेरक जास्त स्रवतं. प्यालेलं पाणी आतच साठतं, रक्तातलं सोडियम घसरतं आणि मेंदूला सूज येते. स्त्रियांमध्ये हे जास्त आढळतं. म्हणजे एकाला पाणी न मिळाल्याने धोका, दुसरीला ते फार प्यायल्याने. ‘गोळीने मेली’ एवढ्या मथळ्यात हे मावलं नाही.

मेंदूच्या कायमच्या इजेचा वाद वेगळाच. २००२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात माकडं आणि बबूनवरचा प्रयोग गाजला: एका रात्रीच्या डोसनेही मेंदूतलं डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या पेशींना इजा होते. वर्षभराने तो लेख मागे घ्यावा लागला. बाटलीवर लेबल एमडीएमएचं होतं, आत मेथॅम्फेटामिन हा वेगळाच अमली पदार्थ. नेहमी गोळ्या घेणाऱ्यांत स्मरणशक्तीची तक्रार अनेक अभ्यासांत दिसते, पण त्यातले बरेच जण इतर नशाही करतात, त्यामुळे दोष नेमका कुणाचा हे वेगळं काढणं अवघड जातं.

आपल्याकडे गोव्यातल्या पार्ट्यांमुळे हे नाव ओळखीचं झालं. मुंबई-पुण्याच्या बातम्यांतला ‘एमडी’ मात्र मेफेड्रोन, ते निराळं रसायन. अमली पदार्थांवरच्या एनडीपीएस कायद्यात एमडीएमएसाठी अर्धा ग्रॅम ही अल्प मात्रा, तर १० ग्रॅम ही व्यावसायिक मात्रा धरली जाते.

लेबलाची गफलत बाजारातही होते, आणि तिथे लेख मागे घ्यायला कुणी नसतं. एक्स्टसी म्हणून विकलेल्या गोळ्यांत कधी पीएमए हे भलतंच रसायन निघतं. त्याचा अंमल उशिरा चढतो. गोळी मिळमिळीत आहे असं समजून माणूस दुसरी घेतो, आणि तोवर पहिलीचा ताप चढायला लागलेला असतो.