आदिमानव, आदिवासी आणि खानदेशातला पाचवीचा वर्ग

आदिमानवाचे धडे पाचवीच्या परिसर अभ्यास भाग २ मध्ये येतात. चौथीला शिवछत्रपती शिकलेलं पोर वर्षभरात लाखो वर्षं मागं जातं. हा क्रम सगळ्यांच्या परिचयाचा आहे. खानदेशात अडतं ते शब्दापाशी.

'आदिमानव' हा शब्द आपण माणसाच्या साऱ्या जुन्या अवस्थांना सरसकट लावतो. 'आदिवासी' त्या मानानं कालचा. १९३०च्या दशकात चळवळींतून तो रूढ झाला. अर्थ मूळचे रहिवासी. तो जमिनीवरचा, जंगलावरचा हक्क सांगतो, अश्मयुगाशी त्याचा काही संबंध नाही. दोन्हींच्या तोंडी 'आदि' आला, एवढंच. पण धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, चोपडा या भागांत धडा चालू असतो तेव्हा समोर भिल्ल, पावरा मुलं बसलेली असतात, आणि शेजारचा मुलगा बोट दाखवून विचारतो, "सर, म्हणजे हे?"

हा घोळ स्नेहसंमेलनांनी वाढवला. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीत बावाबुध्या, म्हणजे नवस बोललेले नाचणारे, अंगावर राखेची नक्षी काढतात, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू बांधतात, डोक्याला मोरपिसांचा टोप घालतात. ते नवसाचं व्रत असतं, त्याला कडक पाळणूक असते. शाळेच्या स्टेजवर तोच वेश पानांच्या घागऱ्यासकट 'आदिमानव नृत्या'त येतो आणि पालक टाळ्या वाजवतात. हे थांबायला हवं होतं, कधीच.

२०१५च्या पुस्तकानं निदान टप्पे वेगळे केले: कुशल मानव, ताठ कण्याचा मानव, शक्तिमान मानव, बुद्धिमान मानव. ही नावं चांगली आहेत, मुलांना पटकन कळतात. तरी चित्रकला स्पर्धेचा विषय अजून 'आदिमानव'च असतो, आणि चित्रातला माणूस बहुतेक वेळा काळाच रंगवला जातो.

खरं तर दाखवायला लांब जावं लागत नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे १९७२-७३ साली उत्खनन झालं. तिथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे. कवचाच्या एका तुकड्यावर आडव्या रेघा कोरून त्यांच्यामध्ये जाळी काढली आहे. आज खानदेशात शहामृग नाही; तेव्हा होता. कवच फोडायचं, तुकडा घासून गोल करायचा, मधोमध भोक पाडायचं, तेही दगडाच्या टोकानं. दहा वर्षांच्या मुलाला हे हातानं करून बघता येतं, साध्या करवंटीच्या तुकड्यावर.

पुढचा काळ तापीकाठचा. सावळदा या गावी मिळालेली मडकी साधारण चार हजार वर्षांपूर्वीची, त्यांवर बाणांची टोकं रंगवलेली. प्रकाशे इथे, तापी-गोमाईच्या संगमावर, १९५५ साली उत्खनन झालं आणि ताम्रपाषाण काळातलं, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्या लोकांचं, गाव सापडलं.

पाटण्याजवळच्याच पाटणादेवीला शाळांच्या सहली जातात. देऊळ बघून होतं, धबधबा बघून होतो, डबे उघडतात, आणि मण्यांचा विषय न निघताच गाडी चाळीसगावकडे वळते.