हेडलाइटच्या बल्बचे वॅट वाढवले की रस्ता जास्त दिसतो?

‘६०/५५ वॅटचा (हाय बीमला ६०, लो बीमला ५५) बल्ब काढून १००/९० वॅटचा लावा, कसारा घाट दिवसासारखा दिसेल,’ असा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. उजेड वाढतो हे खरं. पण हाय बीमवर दोन्ही बल्ब मिळून १० अँपिअरऐवजी जवळपास १७ अँपिअर खेचतात. मूळ वायर तेवढ्यासाठी नसते; होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरची, म्हणजे बल्बमागच्या आरशाची, चकाकी जाते.

मूळ हॅलोजन बल्बच्या जागी एलईडी बसवला तर अडचण वेगळी. रिफ्लेक्टर फिलामेंटच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. उजेडाचा उगम एक-दोन मिलिमीटर जरी सरकला तरी झोत विस्कटतो, समोरच्याच्या डोळ्यांत जातो. घाटातल्या धुक्यात तर तो आपल्यावरच उलटतो.

पडताळा सोपा आहे. सपाट जागी भिंतीपासून २५ फुटांवर गाडी लावून लो बीम टाका. भिंतीवर झोताची वरची कड स्पष्ट, डावीकडे किंचित चढती दिसायला हवी. मग इंजिन चालू, दिवे लागलेले असताना मल्टिमीटरने आधी बॅटरीवर, मग होल्डरच्या मागून व्होल्टेज मोजा. एक व्होल्टहून जास्त फरक असेल तर दोष बल्बचा नाही, वायरिंगचा; बॅटरीतून जाड वायरने थेट बल्बला वीज देणारं रिले किट बसवा. हेडलाइटची प्लास्टिकची काच पिवळी पडली असेल तर मात्र आधी पॉलिश, बाकी सगळं नंतर.