लॉकअप म्हणजे पाचवा गिअर नाही हो

फोर-स्पीड ऑटोमॅटिक घेतलेला माणूस सहा महिन्यांत एकदा तरी सांगतोच की हिला पाचवा गिअर पण आहे, पाम बीच रोडला 60-65 वर गेली की हळूच पडतो. नाही पडत. चारच आहेत. तो जो चौथ्यानंतर हलका धक्का बसतो आणि आरपीएमचा काटा जरासा खाली येतो तो टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप लागतो, गिअर बदलतच नाही. आणि हाच माणूस दोन वर्षांनी गॅरेजला जाऊन म्हणतो गिअर स्लिप मारतोय, ॲडजस्ट करून द्या, समोरचा मेकॅनिक पण टेस्ट न मारताच म्हणतो गिअरबॉक्स उतरवावा लागेल. माझं डोकं इथेच फिरतं.

गिअर शिफ्ट काय ते तुम्हाला माहितीये, रेशो, म्हणजे इंजिन आणि चाकांच्या फेऱ्यांचं प्रमाण, बदलतो, संपलं. लॉकअप वेगळ्या जागी घडतो, गिअरबॉक्सच्या आधी, इंजिन आणि बॉक्सच्या मधे जो कन्व्हर्टर असतो त्यात. तिथे ताकद एरवी तेलातून जाते, एक पंखा तेल ढकलतो, दुसरा त्या तेलाने फिरतो, आणि दुसरा कायम थोडा मागे राहतो. सिग्नलवरून उठताना हे फायद्याचंच, पण एका स्पीडने जाताना ते मागे राहणं म्हणजे फुकट पेट्रोल आणि गरम तेल. म्हणून आत एक क्लच दिलेला असतो जो दोन्ही बाजू सरळ जोडून टाकतो. नवीन भानगड नाही, पॅकार्डने 1949 मध्ये अल्ट्रामॅटिकला हा क्लच दिला होता.

आता काट्याकडे बघा, कारण ओळख तिथेच पटते. जुन्या फोर-स्पीडमध्ये तिसऱ्याचा रेशो साधारण 1 आणि चौथ्याचा साधारण 0.7 असतो, म्हणजे 2500 ला चौथा पडला तर आरपीएम हिशेबाने 1750 ला यायला हवा, प्रत्यक्षात तेल सरकत असतं म्हणून थोडा वर थांबतो. हा झाला शिफ्ट, काटा धपकन 30 टक्क्यांच्या आसपास पडतो. मग दोन-चार सेकंद तुम्ही पाय हलका ठेवला की काटा अजून दीडदोनशेने उतरतो आणि तिथेच चिकटतो. हा लॉकअप. मोठा ड्रॉप गिअरचा, छोटा ड्रॉप लॉकअपचा. सिक्स-स्पीडमध्ये हे पकडणं अवघड जातं कारण त्यात लॉकअप खालच्या गिअरलाच लागतो, आणि तोही एकदम न लागता थोडा सरकवत सरकवत लावतात, म्हणून ज्याच्याकडे क्रेटा किंवा एक्सयूव्ही आहे त्याने फोर-स्पीडवाल्याचे आकडे आपल्या गाडीला लावू नयेत.

खात्री करायची तर मोकळा सरळ रस्ता, मागे कोणी नाही ना ते आरशात बघून, एका स्पीडला ॲक्सिलरेटर स्थिर धरा आणि डाव्या पायाने ब्रेक पेडलला नुसता स्पर्श करा, ब्रेक लाइट लागेल एवढाच, ब्रेक दाबायचा नाही. ब्रेकचा स्विच लागला की कॉम्प्युटर लॉकअप सोडतो, काटा दोनशेएक वर जातो, पाय काढला की थोड्या वेळाने परत खाली. आता त्याच स्पीडला लिव्हरवरचं ओव्हरड्राइव्हचं बटण दाबा, म्हणजे चौथा बंद होऊन तिसरा पडतो, काटा 1750 वरून थेट 2500 कडे. एकदा हे दोन्ही लागोपाठ केलं की परत जन्मात गल्लत होणार नाही. फक्त क्रूझ लावून करू नका, ब्रेकला पाय लागताच क्रूझ सुटते, काटा खालीच येतो आणि मग तुम्ही भलताच निष्कर्ष काढून बसता. घोडबंदरला राहणाऱ्यांनी हे कुठे करायचं हा प्रश्न आहे, गायमुखला 60 चा स्पीड मिळायला रात्रीचे दोन वाजावे लागतात.

हाच ब्रेकचा स्पर्श थरथरीला पण कामाला येतो. 50 ते 80 मध्ये, हलक्या पायावर, रंबलरवरून गेल्यासारखी बारीक थरथर येते ना, त्याला निम्मे लोक इंजिन मिसिंग म्हणतात, प्लग बदलतात, कॉइल बदलतात. थरथर चालू असताना ब्रेकला टेकवा. लगेच थांबली तर लॉकअप क्लच थरथरतोय, तशीच राहिली तर मग प्लग-कॉइल बघा. आणि लॉकअपची असेल तर बॉक्स उतरवायच्या आधी एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक बॉक्सचं तेल, बदला, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच, कारण क्लचने गुळगुळीत धरावं म्हणून तेलात जे घातलेलं असतं ते कालांतराने संपतं. क्लचची लायनिंगच गेली असेल तर तेलाने काही होणार नाही हेही खरं, पण सुरुवात तेलापासून. लाइफटाइम फ्लुइड आहे, बदलायचं नसतं, असं सांगणाऱ्याला विचारा, लाइफ कोणाची?

राहिला ॲडजस्टमेंटचा विषय. जुन्या बॉक्सला थ्रॉटलवरून एक केबल येते, जीएमच्या 700आर4 ला तर तीच प्रसिद्ध. ती शिफ्ट कधी पडायचा आणि आतलं तेलाचं प्रेशर किती हे ठरवते. लॉकअपला वेगळा सोलेनॉईड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, असतो. लोक लॉकअप उशिरा लागतो म्हणून केबल पिळतात, आणि गंमत म्हणजे थोडा फरक पडतोही, कारण टॉप गिअर लवकर पडला तर लॉकअपही लवकर येतो. त्यामुळे वाटतं बरोबरच केलं. पण केबल ढिली झाली की प्रेशर कमी, आणि कमी प्रेशरवर आतले क्लच जळतात, 700आर4 असेच कित्येक गेलेत. आधी केबल मॅन्युअलप्रमाणे, शिफ्ट जागेवर, मग लॉकअपकडे बघा. आजच्या गाड्यांना तर स्क्रूच नाही, स्पीड, थ्रॉटल आणि तेलाचं तापमान बघून टीसीयू, म्हणजे बॉक्सचा कॉम्प्युटर, ठरवतो, सकाळी तेल थंड असताना लॉकअप लागत नाही तो बिघाड नव्हे.

ऑफ-रोडवाले सोलेनॉईडला हाताचा स्विच लावतात, घाटात उतरताना इंजिन ब्रेकिंग मिळतं म्हणून. त्यांचं ठीक आहे. रोज ऐरोली-वाशी करणाऱ्या गाडीला लावू नका, स्विच चालू विसरलात की सिग्नलला थांबताना इंजिन आचके देऊन बंद पडणार, क्लच न दाबता मॅन्युअल थांबवल्यावर पडते तशी. स्विच नसतानाही असं होत असेल तर लॉकअप सुटत नाहीये, गिअरचा काही संबंध नाही, सोलेनॉईड आणि व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे बॉक्समधलं तेल वळवणारा भाग, बघायला सांगा. आणि एएमटीवाल्यांनो, तुमचा बॉक्स मॅन्युअलच, फक्त क्लच आणि गिअर मशीन चालवते, तुमच्या गाडीत कन्व्हर्टरच नाहीये, तुमचा जर्क हा साधा क्लचचा जर्क आहे.