ग्रीनस्टेडचे चर्च: ओंडक्यांचे वय आणि एक दुरुस्ती

इंग्लंडमधल्या एसेक्समध्ये चिपिंग ऑंगरजवळ असलेले ग्रीनस्टेडचे चर्च ‘जगातले सर्वांत जुने लाकडी चर्च’ म्हणून सांगितले जाते आणि पाठोपाठ इ.स. 845 हे साल येते. ते साल 1960 च्या सुमारास वृक्षवलयांच्या पहिल्या मोजणीतून निघाले. 1995 च्या फेरतपासणीने ते दोनशेहून अधिक वर्षे पुढे ढकलले. भिंतींचे ओक 1063 ते 1108 या काळात कधीतरी तोडलेले आहेत. तरीही जुने साल काही सुटत नाही. जास्त जुने म्हणजे जास्त मोलाचे, हा हिशेब इथेही चालतोच.

इतक्या वर्षांची संदिग्धता राहते, कारण ओंडक्यांवर सालीलगतचे कोवळे लाकूड उरलेले नाही. मग गाभ्यातले शेवटचे वलय धरायचे आणि त्यापुढे साधारण किती वलये असतील याचा अंदाज जोडायचा. नेमक्या त्याच टप्प्यात 1066, म्हणजे नॉर्मनांनी सॅक्सनांचे इंग्लंड जिंकले ते साल येते, म्हणून सॅक्सन की नॉर्मन हा वाद मिटत नाही. खरे तर तो फारसा कामाचाही नाही. उभे चिरलेले ओंडके, गोल बाजू बाहेर, सपाट बाजू आत, कडांना खाच पाडून सांध्यात बसवलेली पट्टी ही सगळी पद्धत सॅक्सन आहे. राजा बदलला म्हणून गावच्या सुताराने वाकस टाकून दिला नसेल.

1013 मध्ये एडमंड या हुतात्मा राजाचे अवशेष लंडनहून बरी सेंट एडमंड्सला नेताना इथे विसावले, अशी परंपरा आहे. ती खरी मानली, तरी आजच्या भिंती तेव्हा उभ्या नव्हत्या. 1960 च्या उत्खननात वेदीकडच्या भागाखाली आणखी जुन्या लाकडी बांधकामांच्या खुणा सापडल्या, त्या परंपरेला फार तर तोच आधार.

विटांचा वेदीभाग ट्यूडर राजघराण्याच्या काळातला (1485 ते 1603). पांढऱ्या फळ्यांच्या मनोऱ्यातल्या घंटेवर 1618 हे साल आहे.

इमारतीत खरा हस्तक्षेप झाला तो 1848 च्या दुरुस्तीत. ओंडक्यांचे कुजलेले बुंधे कापून ते विटांच्या जोत्यावर घेतले गेले. छपरातल्या आजच्या खिडक्याही त्याच वेळच्या. या कामावर पुढे बरीच टीका झाली, आणि भिंत मूळ जमिनीत कशी रोवली होती याचा थेट पुरावा त्यात गेला हे खरेच. पण ओलीत उभे लाकूड आणखी किती टिकले असते? पर्याय काय होता, हे टीकाकार क्वचितच सांगतात.

त्याआधीच्या दशकात गावाला वेगळेच पाहुणे लाभले होते. मजूर संघटना बांधल्याबद्दल 1834 मध्ये ऑस्ट्रेलियाला शिक्षा म्हणून धाडलेल्या टॉलपडल या इंग्रज खेड्यातल्या सहा शेतमजुरांपैकी काहींनी माफीनंतर परतल्यावर इथे शेती धरली. 1839 मध्ये त्यांच्यातल्या एकाचे लग्न याच चर्चमध्ये लागले. धर्मगुरूंचा मात्र त्यांच्यावर राग होता. पुढे 1840 च्या दशकात सहापैकी पाच जण कॅनडाला गेले.