पोटात लागलेली किरणं आणि वंशात उतरलेला दोष

मूल जन्मतः काही व्यंग घेऊन आलं की आपल्याकडे गावात दोन प्रश्न एका दमात विचारले जातात. "दिवस असताना फोटो काढला होता का?" आणि "हिच्या खानदानात कोणाले आहे का?" फोटो म्हणजे एक्स-रे. दोन्ही प्रश्नांचा भार सुनेवरच येतो, आणि पुढे कधी तिच्या धाकट्या बहिणीची सोयरीकही त्यातच मोडते. हे पाहून जीव तुटतो, कारण हे दोन प्रश्न दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत. पहिल्याचं उत्तर 'हो' आलं, तरी बहिणीच्या लग्नाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

गोंधळ होतो त्याला कारण आहे. दोन्हीकडे इजा डीएनएलाच होते. एक्स-रे किंवा गॅमा किरण पेशीतून जाताना डीएनएचा धागा तोडतो, कधी थेट, तर कधी पेशीतल्या पाण्याचे रेणू फोडून. धाग्याची एकच बाजू तुटली तर पेशी ती सहज सांधते. दोन्ही बाजू एकाच जागी तुटल्या तर जोड चुकू शकतो. मग ती पेशी मरते किंवा चूक घेऊन जगते. इथवर गोष्ट एकच आहे. पुढचं सगळं ती पेशी कोणती, यावर ठरतं.

शेजारच्या धुऱ्यावरून टू-फोर-डी तणनाशक उडून आलं की कपाशीची पानं कशी भेंडीच्या पानासारखी चिरलेली निघतात, ते शेतकऱ्याला सांगायला नको. ते झाड बिघडलं, पण त्याची सरकी लावली तर पुढचं झाड तशा पानांचं येत नाही. बियाण्यातच दोष असता, तर फवारणी न होताही तो पुढे आला असता. पोटातल्या बाळाच्या मेंदूच्या, हाडांच्या, डोळ्यांच्या पेशींना किरणं लागली, तर ते नुकसान त्या बाळापुरतं असतं. आईच्या बीजात किंवा बापाच्या शुक्राणूत गर्भ राहण्याआधीच बदल झालेला असेल, तर मात्र तो मुलाच्या पेशीपेशीत येतो आणि त्याच्या लेकरांकडेही जाऊ शकतो.

पोटातल्या इजेला वेळापत्रक असतं. गर्भ राहिल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांत जबर मात्रा मिळाली तर गर्भ टिकतच नाही; टिकला तर सहसा धडधाकट वाढतो, कारण तेव्हा पेशी मोजक्या असतात आणि एकीची जागा दुसरी घेऊ शकते. तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात अवयव घडतात. आणि आठव्या ते पंधराव्या आठवड्याचा काळ सगळ्यात नाजूक. या दिवसांत मेंदूच्या आतल्या बाजूला चेतापेशी झपाट्याने तयार होतात आणि तिथून बाहेरच्या थरापर्यंत सरकत जातात. डीएनए फार तुटलेली पेशी शरीर स्वतःच मारून टाकतं. इतर ठिकाणी हा शहाणपणा कामी येतो, पण मेंदूत गेलेल्या पेशींची भरपाई होत नाही. (डॉक्टर दिवस शेवटच्या पाळीपासून मोजतात, त्यामुळे कागदावर हा काळ दहावा ते सतरावा आठवडा असा दिसेल.)

हे कळलं ते फार मोठी किंमत मोजून. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर बॉम्ब पडले, तेव्हा पोटात असलेल्या सुमारे १,६०० मुलांचा पुढे अनेक वर्षं अभ्यास झाला. त्यातल्या ३० मुलांना तीव्र मतिमंदत्व होतं, आणि ज्यांना जास्त मात्रा मिळाली होती त्यांतली बहुतेक त्याच आठ ते पंधरा आठवड्यांतली होती. अनेकांची डोकीही लहान राहिली.

पण मात्रा किती, हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. अंगात किती किरणं मुरली ते मिलिग्रेत मोजतात; व्यंग किंवा मेंदूची हानी १०० मिलिग्रेच्या खाली आढळलेली नाही. छातीचा एक फोटो काढला तर गर्भापर्यंत ०.०१ मिलिग्रेही पोचत नाही. पोटाच्या एक्स-रेत ०.१ ते ३, पोट-कंबरेच्या सीटी स्कॅनमध्ये साधारण १० ते ५०. टीबीच्या संशयाने छातीचा फोटो काढला म्हणून हवंहवंसं मूल पाडायला निघालेल्या घराला हे आकडे कोणीतरी बसून समजावायला हवेत. सोनोग्राफीत तर किरणं नसतातच, तो आवाज आहे. ग्रहणात बाईने विळी हातात घेतली तर बाळाचा ओठ फाटतो, हेही खरं नाही.

एक गोष्ट मात्र कमी मात्रेतही सोडून देता येत नाही. ब्रिटनमध्ये अ‍ॅलिस स्ट्युअर्ट यांनी १९५६ साली दाखवलं, की गरोदरपणी कंबरेचे एक्स-रे झालेल्या बायांच्या मुलांमध्ये रक्ताचा आणि इतर कर्करोग थोडा जास्त दिसतो. मुळात हा आजार मुलांत विरळ असल्याने एकेका बाळाचा धोका लहानच राहतो, पण विनाकारण फोटो काढायचा नाही याला हे कारण पुरेसं आहे. म्हणूनच एक्स-रेच्या दारात विचारतात, "पाळी कधी आली होती, बाई?" सासरा बाजूलाच उभा असतो, नवी नवरी खाली पाहते आणि "याद नाही" म्हणते. हा प्रश्न तिला एकटीला आत घेऊनच विचारला पाहिजे.

आता वंशाचं. किरणांनी बीजात बदल होतात, हे हर्मन मुलर यांनी १९२७ साली फळमाश्यांवर सिद्ध केलं. १९४६ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. त्यामुळे जपानमध्ये बॉम्बनंतर राहिलेल्या गर्भांबद्दल सगळ्यांना धास्ती होती. युद्धानंतर तिथे गरोदर बाईने नाव नोंदवलं की पाचव्या महिन्यापासून जादा रेशन मिळायचं. त्याच नोंदणीचा आधार घेऊन जेम्स नील आणि विल्यम शुल या अमेरिकन संशोधकांनी १९४८ ते १९५४ दरम्यान सुमारे ७७,००० नवजात बाळं तपासवली. किरणं लागलेल्या आईबापांच्या बाळांत व्यंगांचं प्रमाण ठळकपणे वाढलेलं आढळलं नाही. चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघातात किरणांत सापडलेल्या आईबापांच्या १३० मुलांचा संपूर्ण डीएनए वाचून २०२१ साली हेच दिसलं: नवे बदल इतरांइतकेच. माशीत आहे ते माणसात अजिबात नाही, असं यातून ठरत नाही. परिणाम असलाच तर इतका बारीक आहे, की एवढ्या मोठ्या पाहणीतही हाती लागला नाही.

"बाई, हिचा फोटो काढला होता दिवस असताना, तं पुढच्या लेकरालेही तसंच होईन का?" नाही, मावशी. फोटो मागच्या वेळचा, पुढचं लेकरू तेव्हा पोटात नव्हतंच.

वंशात उतरणारा खरा दोष आपल्या दारातच आहे. सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आजार, विदर्भात आहे हे १९५८ पासून छापील नोंदीत आहे, आणि गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे तर घराघरात हा शब्द माहीत आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं. कोणत्याही फोटोने ते झालेलं नाही; ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, कारण वाहकाला, म्हणजे आईबापांपैकी एकाकडूनच हा बदल आलेल्याला, मलेरियाचा जीवघेणा आजार कमी होतो. वाहक स्वतः सहसा ठणठणीत असतो, म्हणून खानदानात कोणी आजारी दिसत नाही आणि सोयरीक बिनघोर जुळते. दोघंही वाहक निघाले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, पहिलं कसं निघालं याच्याशी दुसऱ्याचा संबंध नाही. सोल्युबिलिटीची साधी रक्तचाचणी आणि त्यात दोष दिसला तर इलेक्ट्रोफोरेसिस ही वाहक की रुग्ण ते सांगणारी चाचणी, एवढ्यावर हे लग्नाआधी कळतं. लग्न झालेलं असेल तर दहाव्या-बाराव्या आठवड्यात वारेच्या पेशी तपासून बाळाचंही कळतं, फक्त त्यासाठी दिवस गेल्याचं लवकर सांगावं लागतं, आणि नवऱ्याचंही रक्त तपासावं लागतं.