साईबाबा गेले, पण कुठले?

24 एप्रिल 2011, रविवार. सकाळी टीव्हीच्या खालच्या पट्टीवर 'साईबाबांचं निधन' असं सरकायला लागलं. आजी मेथी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आत्ता कसली बातमी देतायत? बाबांना जाऊन नव्वद वर्षं होऊन गेली की." दुपारी मावशीचा फोन आला, "आई ठीक आहे ना? गुरुवार करते ती, धक्का बसला असेल." आजीला धक्का बसला नव्हता. तिचे साईबाबा शिर्डीचे, 1918 सालच्या दसऱ्याला गेलेले. पट्टीवरचे साईबाबा पुट्टपर्तीचे, म्हणजे सत्यसाईबाबा.

ही गल्लत फक्त आमच्या घरातली नाही. दोघांचं नाव एक, दोघांचा वार गुरुवार, दोघांकडून भक्तांना मिळते ती राख, दोघांनाही दहन न करता समाधी दिली गेली. त्यात दोघांच्या पश्चात वादही झाले. त्यामुळे ऐकणारा ते सगळे वाद एकाच पोत्यात भरतो आणि म्हणतो, बाबालोकांचं हे असंच असतं. मला मात्र ते दोन वाद पार वेगळे वाटतात. शिर्डीत भांडण झालं ते 'बाबा कोणाचे?' यावर. पुट्टपर्तीत प्रश्न होते 'बाबा खरे होते का?' आणि 'चाव्या कोणाकडे?'

आधी नाव एक कसं झालं ते बघू. शिर्डीचे बाबा गेले तेव्हा त्यांना मानणारे लोक मुख्यतः आपल्याच मुलखातले होते. 1930च्या दशकात बी. व्ही. नरसिंहस्वामींनी त्यांचं नाव मद्रासकडे नेलं आणि दक्षिणेत घरोघरी तसबिरी लागल्या. त्याच सुमाराला आंध्रातल्या अनंतपूर जिल्ह्यात, पुट्टपर्तीत, 23 नोव्हेंबर 1926ला जन्मलेला सत्यनारायण राजू नावाचा मुलगा 1940 साली म्हणाला, मीच साईबाबा. पुढे 1963मध्ये त्यांनी तीन अवतारांचं सूत्र सांगितलं: पहिले शिर्डीचे, दुसरे आपण, तिसरे कर्नाटकात जन्माला येणारे प्रेमसाई. म्हणजे पुट्टपर्तीच्या भक्ताच्या लेखी हे दोघे वेगळे नाहीतच. शिर्डीच्या बहुतेक भक्तांना हे कधी पटलं नाही. आजी तर 'ते केसवाले' एवढंच म्हणायची.

आता 1918. 15 ऑक्टोबर, मंगळवार, दसरा. बाबा मशिदीत, म्हणजे ज्या जागेला ते द्वारकामाई म्हणत तिथे, दुपारी गेले. जाण्याआधी लक्ष्मीबाई शिंदे यांना त्यांनी आधी पाच आणि मग चार असे नऊ रुपये दिले. दक्षिणा मागून घ्यायची आणि संध्याकाळपर्यंत वाटून टाकायची ही त्यांची रीत होती. मागे मठ नाही, शिष्य नेमलेला नाही, मृत्युपत्र नाही. आपण हिंदू की मुसलमान, हे त्यांनी कधी कोणाला धड सांगितलं नव्हतं. राहायला मशीद, तिच्यात अखंड पेटलेली धुनी, अंगात कफनी, डोक्याला फडकं, तोंडी 'अल्ला मालिक', आणि अंगणात तुळस.

हयातभर हे चाललं, पण मरणात चालेना, कारण देह कुठेतरी ठेवावाच लागतो. गोविंद रघुनाथ दाभोलकर, म्हणजे हेमाडपंत, यांच्या 'साईसच्चरिता'त तो दीड दिवस तपशिलानं आला आहे. मुसलमान मंडळींचं म्हणणं, मोकळ्या जागेत दफन करून वर कबर बांधावी. राहात्याचे खुशालचंद आणि अमीर शक्कर हे दोघेही याच मताचे. यातलं खुशालचंद हे नाव जरा थांबून वाचण्यासारखं आहे; आज आपण 'हिंदू बाजू' आणि 'मुस्लिम बाजू' अशा दोन चिठ्ठ्या करतो, त्यात हा माणूस बसत नाही. उलट बाजूला गावचे रामचंद्र पाटील. त्यांचं म्हणणं एकच, वाड्याशिवाय दुसरी जागा आम्हाला मान्य नाही. हा वाडा नागपूरचे धनिक गोपाळराव बुट्टी बांधत होते आणि त्याच्या गाभाऱ्यात मुरलीधराची मूर्ती बसायची होती. बाबांनी शेवटी 'मला वाड्यात न्या' असं म्हटल्याचं भक्त सांगत होते.

राहात्याहून फौजदार आला, दुसऱ्या सकाळी कोपरगावचा मामलेदार आला. मामलेदारानं काय केलं? मतं घेतली. वाड्याच्या बाजूनं दुप्पट मतं पडली. तरी त्यानं स्वतःच्या अंगावर घेतलं नाही. कलेक्टरकडे विचारणा करावी लागेल म्हणाला, आणि बाबांचे भक्त काकासाहेब दीक्षित अहमदनगरला निघायची तयारी करू लागले. तेवढ्यात दुसरी बाजू राजी झाली. बुधवारी संध्याकाळी मिरवणुकीनं देह वाड्यात आणला आणि मुरलीधरासाठी राखलेल्या जागी समाधी झाली. पोथीकार हे बाबांच्या प्रेरणेनं झालं म्हणतात. मला यात गावचा शहाणपणा दिसतो, आणि थोडी सरकारी टोलवाटोलवीही. पण लक्षात घ्या, या सगळ्या दीड दिवसात बाबा भोंदू होते असं कोणीच म्हणत नव्हतं. भांडणारे दोन्हीकडचे लोक रडत होते. प्रत्येकाला ते आपले हवे होते.

तो प्रश्न मिटला असं वाटलं, पण तो फक्त गाभाऱ्यात जाऊन बसला. 1922 साली अहमदनगरच्या जिल्हा न्यायालयानं सार्वजनिक न्यासाची योजना मंजूर केली. 1954च्या दसऱ्याला बाळाजी वसंत तालीम यांनी घडवलेली इटालियन संगमरवराची मूर्ती समाधीमागे बसली. समाधीचं मंदिर झालं, फकिराचा देव झाला. आणि मग तोच जुना सवाल उलट्या बाजूनं आला. 2014मध्ये द्वारकापीठाचे शंकराचार्य स्वरूपानंद सरस्वती म्हणाले, साईबाबा देव नाहीत, त्यांची पूजा हिंदूंनी करू नये. 2016च्या दुष्काळात तर महाराष्ट्रातल्या पाणीटंचाईचं खापरही त्यांनी साईपूजेवर फोडलं. म्हणजे 1918ला ओढाताण होती 'आमचे, आमचे' म्हणून, आणि आता कोणी म्हणत होतं 'आमचे नव्हेत'.

घरच्या घरातही वाद झालाच. जानेवारी 2020मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी परभणी जिल्ह्यातल्या पाथरीला बाबांचं जन्मस्थान म्हणून विकासासाठी 100 कोटी जाहीर केले आणि शिर्डी बंद झाली. मंदिर उघडं, दुकानं बंद. ज्या माणसानं आपलं गाव, जात, आईबाप काही सांगितलं नाही, त्याच्या जन्मगावावरून दोन गावांनी भांडावं! पाथरीला निधी मिळाला तर शिर्डीच्या लॉजवाल्याचं काय जातं, असं तेव्हा पुण्यात बसून म्हणणं सोपं होतं. शिर्डीकरांचा पैशाला विरोध नव्हता, 'जन्मस्थान' या शब्दाला होता. कारण जन्मस्थान ठरलं की घराणं ठरतं, घराणं ठरलं की धर्म ठरतो, आणि 'सबका मालिक एक' या पाटीखाली एक बारीक तळटीप लागते.

पुट्टपर्तीत यातलं काहीच नव्हतं. जन्म कुठला, माहीत. जात, घराणं, भाऊबंद, सगळं माहीत. देह कुठे ठेवायचा यावर तंटा नाही. ज्या साई कुलवंत हॉलमध्ये ते रोज दर्शन देत, तिथेच समाधी. 28 मार्चला त्यांना त्यांच्याच संस्थेच्या इस्पितळात दाखल केलं होतं. 24 एप्रिलला ते गेले, वय 84. आंध्र सरकारनं दुखवटा जाहीर केला. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी अंत्यदर्शनाला येऊन गेले, आणि 27 तारखेला शासकीय इतमामात समाधी दिली गेली. त्या रविवारी सचिन तेंडुलकरचा वाढदिवस होता. तो सामन्यासाठी हैदराबादलाच होता, त्यानं वाढदिवस केला नाही आणि दुसऱ्या दिवशी पुट्टपर्ती गाठली. आपल्याकडे बऱ्याच घरांत ही बातमी सचिनमार्गेच शिरली.

शोक खरा होता, आणि त्याची कारणंही कागदावर दाखवता येण्यासारखी. अनंतपूर हा सदा कोरडा जिल्हा. तिथल्या सातशेहून जास्त गावांना बाबांच्या ट्रस्टच्या योजनेतून पिण्याचं पाणी मिळालं. पुट्टपर्ती आणि बंगळूरजवळच्या व्हाइटफील्डला मोठी इस्पितळं, जिथे हृदयाचं ऑपरेशन होतं आणि बिलाची खिडकीच नसते. कृष्णेचं पाणी चेन्नईला नेणारा कालवा ट्रस्टच्या पैशानं दुरुस्त झाला तेव्हा करुणानिधी, आयुष्यभराचे नास्तिक, 2007 साली सत्यसाईबाबांसोबत व्यासपीठावर बसले.

पण त्याच आठवड्यात दुसराही सूर होता. हवेतून विभूती, अंगठी, साखळी काढणं ही हातचलाखी आहे, हे म्हणणारे लोक जुनेच. बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू एच. नरसिंहय्या यांनी 1976 साली समिती नेमून हे प्रयोग आमच्यासमोर करा अशी पत्रं पाठवली होती. उत्तर आलं नाही. 1993 साली आश्रमात, बाबांच्या निवासातच, सहा माणसं मेली: दोन सेवक आणि पोलिसांच्या गोळीनं चार हल्लेखोर. त्या प्रकरणाचा नीट उलगडा लोकांसमोर कधी आला नाही. तेव्हा केंद्रात गृहमंत्री होते शंकरराव चव्हाण, आणि ते स्वतः भक्त होते. पुढे काही माजी भक्तांनी लैंगिक शोषणाचे आरोप केले, 2004मध्ये बीबीसीनं त्यावर माहितीपट दाखवला. बाबांवर कोर्टात आरोप ठेवला गेला नाही, संस्थेनं सगळं नाकारलं. त्याआधीच, 2001 साली, पंतप्रधान वाजपेयींसह काही बड्या मंडळींनी हे आरोप बिनबुडाचे असल्याचं पत्र काढलं होतं. सही करणाऱ्यांत आपले लातूरचे शिवराज पाटीलही होते.

म्हणून 2011च्या एप्रिलमध्ये जे वाचायला मिळालं ते असं: एक जण इस्पितळ दाखवतोय, दुसरा आरोप दाखवतोय, आणि दोघेही समोरच्याला उत्तर दिल्याच्या थाटात. इस्पितळात वाचलेल्या रुग्णाला माहितीपटाशी देणंघेणं नाही. तक्रार करणाऱ्याला 'पण पाणी तर दिलं ना' असं सांगणं मला तरी निर्दयपणाचं वाटतं. 'मरणान्तानि वैराणि' हे वचन तेव्हा पुष्कळांनी तोंडावर फेकलं. वैर संपतं, ठीक. तक्रार हे वैर नसतं.

जूनमध्ये ट्रस्टच्या लोकांनी बाबांचं निवासस्थान यजुर्मंदिर उघडलं: 98 किलो सोनं, 307 किलो चांदी, 11 कोटी 56 लाख रोकड. दोनतीन दिवसांत एका गाडीत सुमारे 35 लाख रुपये पोलिसांना सापडले. सरकारनं ताबा घ्यावा का, ट्रस्टवर कोण बसणार, पुतण्याचं स्थान काय, अशा चर्चा सुरू झाल्या. समाधीचा चुना वाळला नव्हता. शिर्डीतल्या नऊ रुपयांशेजारी हा आकडा ठेवायचा मोह होतो, पण तो पुरता न्याय्य नाही. शिर्डीतही सोनं आलंच, फक्त बाबा गेल्यावर. संस्थानाचं उत्पन्न आज शेकडो कोटींत जातं आणि त्यासाठी राज्याला 2004 साली वेगळा कायदा करावा लागला.

राखेतही हाच फरक आहे. शिर्डीची उदी धुनीतली, जळलेल्या लाकडाची. ती कुठून आली हे कोणी विचारत नाही, धुनी समोर दिसते. पुट्टपर्तीची विभूती हवेतून यायची, म्हणून विचारणारे आले. आपल्याकडे अशा प्रश्नांचा आवाज नरेंद्र दाभोलकरांचा होता. एका दाभोलकरांनी साईचरित्र ओवीबद्ध केलं, दुसऱ्या दाभोलकरांनी चमत्कारांना आव्हान दिलं. नावातलं हे साम्य निव्वळ योगायोगाचं, पण साईबाबांच्या गोष्टीत शोभतं.

राहिला एक मजेशीर हिशेब. आपण 96 वर्षांपर्यंत राहू, असं सत्यसाईबाबांनी सांगितलं होतं. गेले ते 84 वर्षांचे असताना. मग काही भक्तांनी नाक्षत्र महिन्यांनी, म्हणजे चंद्राला एका नक्षत्रापासून पुन्हा तिथेच यायला लागणाऱ्या काळानं, मोजणी केली. महिना सव्वासत्तावीस दिवसांहून जरासा मोठा धरला तर वर्ष 328 दिवसांचं होतं, आणि 84 वर्षं 5 महिने म्हणजे 94 पूर्ण, 95वं चालू. मी कॅलक्युलेटरवर करून पाहिलं, बरोबर येतं. 96 तरीही येत नाही. शिर्डीच्या भक्ताला अशी मोजणी करावी लागली नाही, कारण त्याच्या बाबांचं जन्मसालच ठाऊक नाही.

पुण्यतिथीवरूनही दोघे ओळखता येतात. शिर्डीची तिथीनं, दसऱ्याला. पुट्टपर्तीची इंग्रजी तारखेनं, 24 एप्रिलला.

त्या वर्षी मावशीनं हैदराबादहून एक कॅलेंडर पाठवलं होतं. वर डावीकडे शिर्डीचे बाबा, उजवीकडे पुट्टपर्तीचे, खाली तारखा. आजीला फेकवेना आणि तसंच लावायचंही नव्हतं. तिनं ते मधोमध उभं दुमडलं आणि खिळ्याला अडकवलं. तिचे बाबा पुढे राहिले, रविवार, सोमवार, मंगळवार आणि अर्धा बुधवार दिसत राहिला. गुरुवार मागे गेला. दर आठवड्याला उपासाआधी ती कॅलेंडर उचकटून मागे डोकावून बघायची.